पोलीस वित्तव्यवस्था, भारतातील

पोलीस दलाच्या उभारणीसाठी व निर्वाहासाठी लागणारा पैसा कोणी, कोणत्या महसुलातून व कोणत्या अटींवर पुरवावयाचा, यासंबंधीची व्यवस्था. वेतन व निवृत्तिवेतन, गणवेश, शस्त्रे, वाहने, ठाण्यांच्या इमारती, निवासस्थाने, बिनतारी संदेशयंत्रणा आणि प्रशिक्षण ही या खर्चाची प्रमुख अंगे होत. जेथे सर्व देशासाठी एकच पोलीस दल असते, तेथे हा प्रश्न बहुधा मध्यवर्ती तिजोरीपुरता मर्यादित राहतो. भारतात तसे एकसंध दल नाही. राज्यांची पोलीस दले राज्यांच्या महसुलावर व केंद्राची सशस्त्र दले केंद्राच्या महसुलावर चालतात, आणि दोहोंमध्ये अनुदाने, कर्जे व भरपाई यांचे एक गुंतागुंतीचे जाळे निर्माण झालेले आहे. हे जाळे सुमारे दोन शतकांत विणले गेले. या काळात पोलिसांच्या खर्चाचा प्रश्न केवळ हिशेबाचा राहिला नाही. पोलिसांवर हुकमत कोणाची आणि ते जबाबदार कोणाला, हेही पुष्कळदा त्यावरूनच ठरले.

ब्रिटिशपूर्व काळात ग्रामीण संरक्षणाचा खर्च रोख पैशाच्या रूपाने सरकारी तिजोरीतून होत नसे. महाराष्ट्रात गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे व त्याच्या हाताखाली जागल्या, महार, रामोशी, डोंगराळ मुलखात भिल्ल ही मंडळी राखण करीत. त्यांचा मोबदला म्हणजे इनाम जमीन, बलुते आणि गावकऱ्यांकडून मिळणारे हक्क. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबे, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा किंवा नुकसान भरून द्यावे, असा रिवाज होता. पेशवाईच्या अखेरीनंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या ग्रामव्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. पुण्यासारख्या शहरात कोतवालाचे खाते वेगळे असे व तेथे दंड आणि फी ही उत्पन्नाची बाब मानली जाई. ज्या अधिकाऱ्याच्या हाती शिक्षेची सत्ता, त्याच्याच कचेरीचे उत्पन्न दंडावर अवलंबून, या रचनेत जुलमाचे बीज होते. घाशीराम कोतवालाच्या कारकीर्दीचा १७९१ मध्ये झालेला शेवट पाहिला, तर ते लोकांनाही कळत होते असे दिसते.

कंपनी सरकारने या व्यवस्थेत हात घातला तो बहुतांशी काटकसरीच्या दृष्टीने. राखणीचे पिढीजात हक्क कमी झाले किंवा खंडित झाले, त्यांच्या जागी रोख वेतन मात्र सर्वत्र आले नाही. पुरंदरच्या परिसरातील रामोश्यांचे असे हक्क गेल्यामुळे निर्माण झालेला असंतोष उमाजी नाईकाच्या उठावामागील एक ठळक कारण होते. ज्यांच्यावर काल राखणीचा भार होता, तेच आज सरकारदप्तरी गुन्हेगार म्हणून नोंदले जाऊ लागले. दुसरीकडे महार वतनदारांकडून सरकारी कामे पूर्वीप्रमाणेच करून घेतली जात. खबर पोहोचविणे, कैद्याबरोबर जाणे, सरकारी सामान वाहणे, रात्रीची गस्त घालणे अशा या कामांचा मोबदला तुटपुंज्या वतनजमिनीत व गावकऱ्यांच्या मर्जीवरील बलुत्यात मोजला जाई. मुंबई इलाख्यात ग्रामपोलिसांविषयी १८६७ चा व वंशपरंपरागत वतनांविषयी १८७४ चा असे दोन कायदे झाले आणि त्यांनी या पद्धतीला कायद्याची चौकट दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात यांपैकी वतनविषयक कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. त्यामागे सामाजिक विटंबनेचा प्रश्न तर होताच. पण सरकारने स्वतःच्या चाकरांचा पगार गावावर ढकलून त्यांना गावाचे आश्रित बनविले आहे, हा आर्थिक आक्षेपही तितकाच मूलगामी होता. ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार मानधनावरील पोलीस पाटलाचे पद निर्माण करण्यात आले.

बंगालमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९२–९३ मध्ये जमीनदारांकडील पोलिसी जबाबदारी काढून घेतली आणि ठाणेवार दारोगा नेमले. दारोग्याला दरमहा २५ रुपये वेतन मिळे. शिवाय दरोडेखोरास शिक्षा झाल्यास दहा रुपये आणि परत मिळविलेल्या मालाच्या किमतीचा दहावा हिस्सा त्याला बक्षीस म्हणून देय असे. नव्या ठाण्यांच्या खर्चासाठी प्रारंभी शहरांतील व्यापारी व दुकानदार यांच्यावर पोलीस कर बसविण्यात आला. तो १७९७ मध्ये रद्द होऊन त्याची जागा मुद्रांक शुल्काने घेतली. म्हणजे कंपनीच्या राज्यात न्याय मागणाऱ्याने पोलिसांचा खर्च भरावा, अशी स्थिती आली. जमीनदारांकडून काम गेले, पण गावातील चौकीदार मात्र सरकारी खर्चात आला नाही. बंगालच्या १८७० च्या चौकीदारी कायद्याने त्याच्यासाठी गावाकडून पंचायतीमार्फत वेगळा कर वसूल करण्यास आरंभ झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३० मध्ये बिहार व बंगालमध्ये हाच चौकीदारी कर न भरण्याची मोहीम झाली. मिठाप्रमाणेच हा करही घरोघरी पोहोचणारा होता.

आधुनिक भारतीय पोलीस दलाचा नमुना इंग्लंडचा नसून आयर्लंडचा आहे, ही गोष्ट वित्तव्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. इंग्लंडमध्ये पोलीस स्थानिक संस्थांचे व त्यांचा मुख्य आधार स्थानिक कर हा होता. १८५६ च्या कायद्याने तेथील सरकार वेतन व गणवेश यांच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग देऊ लागले; परंतु सरकारी निरीक्षकाने ते दल कार्यक्षम असल्याचा दाखला दिला तरच. हे प्रमाण १८७४ मध्ये निम्म्यावर नेण्यात आले. आयर्लंडमध्ये याउलट घडले. रॉबर्ट पील याने १८१४ मध्ये तेथे ‘शांतता संरक्षण दल’ उभारले. ज्या भागात अशांतता असल्याचे सरकार जाहीर करील, तेथे हे दल पाठवावयाचे व त्याचा खर्च त्याच भागातील लोकांकडून घ्यावयाचा, असे त्याचे तत्त्व होते. खर्च असह्य झाल्याने १८१७ मध्ये सरकारला काही वाटा उचलावा लागला. १८३६ मध्ये एकात्म आयरिश पोलीस दल स्थापन झाले, तेव्हा निम्मा खर्च मध्यवर्ती तिजोरीवर आला आणि १८४६ मध्ये संपूर्ण. स्थानिक लोकांकडून पैसा घेणे थांबले, तसा स्थानिक लोकांचा त्या दलावरील उरलासुरला अधिकारही संपला. पूर्णतः सरकारी पैशावर चालणारे, बराकीत राहणारे, शस्त्रधारी असे हे राष्ट्रीय दल साम्राज्यातील इतर वसाहतींना आदर्श वाटू लागले.

चार्ल्स नेपिअर याने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तेथे या आयरिश दलाच्या धर्तीवर पोलीस उभे केले. मुंबई सरकारने १८५३ मध्ये त्याच अनुरोधाने जिल्ह्याजिल्ह्यांत अधीक्षक नेमून आपली व्यवस्था बदलली आणि मद्रासने १८५९ मध्ये कायदा केला. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीत मोठी तूट होती व तात्पुरत्या उभ्या केलेल्या लष्करी पोलिसांचा खर्च भारी होता. १८६० चा पोलीस आयोग याच काळातला. त्याच्या शिफारशींवरून झालेल्या १८६१ च्या पोलीस अधिनियमाचे वर्णन पुष्कळदा केवळ दडपशाहीचा कायदा असे केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. थोड्या पैशात सबंध देश ताब्यात ठेवण्याची ती एक योजना होती. मुंबई इलाख्याला हा कायदा लागू नव्हता. तेथे १८६७ चा व नंतर १८९० चा जिल्हा पोलीस कायदा होता. मात्र मूळ चौकट तीच होती. लॉर्ड मेयो याने १८७० मध्ये तुरुंग, शिक्षण, रस्ते इत्यादींबरोबर पोलीस खातेही ठराविक रकमेसह प्रांतांकडे सोपविले. वाढता खर्च प्रांतांनी आपापल्या काटकसरीतून किंवा स्थानिक करांतून भागवावा अशी अपेक्षा होती. पोलीस हा प्रांतांचा खर्च झाला तो येथपासून.

पीलच्या १८१४ च्या तत्त्वाचे भारतीय रूप म्हणजे दंडात्मक पोलीस. अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागात जादा पोलीस बसवावेत व त्यांचा खर्च रहिवाशांवर लादावा, ही तरतूद १८६१ च्या अधिनियमाच्या पंधराव्या कलमात व मुंबईच्या कायद्यातही होती. विशिष्ट व्यक्तींना किंवा वर्गांना यातून सूट देण्याचा अधिकारही सरकारकडे होता. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर असे पोलीस बसविण्यात आले आणि त्यांचा भार, प्लेगने आधीच खचलेल्या शहरावर पडला. याहून अधिक गाजलेले प्रकरण खेडा जिल्ह्यातील बोरसद तालुक्याचे. तेथील लोक बाबर देवा या दरोडेखोरास आश्रय देतात, असा ठपका ठेवून १९२३ मध्ये सरकारने जादा पोलीस नेमले व सोळा वर्षांवरील प्रत्येक रहिवाशावर दोन रुपये सात आणे कर बसविला. एकूण रक्कम २ लाख ४० हजार रुपयांच्या घरात जाणार होती. वल्लभभाई पटेल यांनी केलेल्या चौकशीत, पोलिसांनीच एका दरोडेखोराशी हातमिळवणी करून त्याला शस्त्रे पुरविल्याचे उघडकीस आले. म्हणजे ज्यांच्यापासून लोकांना त्रास झाला, त्यांचाच पगार लोकांनी भरावयाचा होता. तालुक्याने कर देण्याचे नाकारले. जप्तीला येणाऱ्यांची चाहूल लागताच ढोल वाजवून घरे बंद करण्यात येत. अखेर जानेवारी १९२४ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन याच्या सरकारने हा कर मागे घेतला.

ही तरतूद स्वातंत्र्यानंतरही राहिली. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातही ती आढळते. राजस्थान सरकारने काही गावांवर असा खर्च बसविताना तेथील हरिजन व मुसलमान रहिवाशांना वगळले होते. हा भेद केवळ जात व धर्म यांवर आधारलेला असून संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिला. सामूहिक दंडाच्या मूळ कल्पनेला या निर्णयाने धक्का लागला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुंबई शहरात खर्चाचा वाद वेगळ्या स्वरूपाचा होता. तेथील पोलीस आयुक्त सरकारचा, पण खर्चाचा बराचसा भार नगरपालिकेवर होता. ज्या दलावर नगरपालिकेचा काडीचाही अधिकार नाही, त्याचा खर्च तिने का द्यावा, असा प्रश्न फिरोजशहा मेहता आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे विचारीत. शेवटी १९०७ मध्ये कायदा होऊन पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय साहाय्य यांचा भार नगरपालिकेकडे गेला. सौदा म्हणून तो नगरपालिकेला वाईट नव्हता. शहराच्या पोलिसांवर शहराचे नियंत्रण असावे, हा इंग्लंडमधील नगरांनी मिळविलेला हक्क मात्र या तडजोडीत मागेच पडला.

खर्चाच्या इतिहासातील सर्वांत चिवट बाब म्हणजे शिपायाचा पगार. शिपायाचे वेतन अकुशल मजुराच्या मजुरीपेक्षा थोडे अधिक असावे, इतपतच १८६० च्या आयोगाची अपेक्षा होती. पुढील चाळीस वर्षांत धान्याचे भाव व मजुरी वाढली, पगार जवळजवळ जागच्या जागी राहिला. अँड्र्यू फ्रेझर याच्या अध्यक्षतेखालील १९०२–०३ च्या आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि पोलीस दल अकार्यक्षम, प्रशिक्षणात उणे व लोकांच्या दृष्टीने भ्रष्ट व जुलमी आहे, असा निष्कर्ष काढला. सरकारनियुक्त आयोगाने इतक्या स्पष्टपणे बोलावे हे विरळाच. शिपायाचे किमान वेतन दरमहा आठ रुपये असावे, ही त्याची एक शिफारस होती. लाच घेतल्याशिवाय ज्याचे घर चालत नाही त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, हा या शिफारशीमागील विचार उघड होता. तथापि आयोगाने सुचविलेल्या सुधारणांत वरिष्ठ पदे, गुन्हे अन्वेषण शाखा व पर्यवेक्षण यांकडे अधिक लक्ष गेले. आठ रुपयांत कुटुंब कसे पोसावयाचे याचे उत्तर शिपायानेच शोधावयाचे होते.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण व आरोग्य ही खाती सोपीव झाली, पोलीस खाते राखीव राहिले. कायदेमंडळाने पोलिसांच्या मागणीत कपात केली, तरी गव्हर्नर ती रक्कम पुन्हा घालू शकत असे. प्रांतिक मंत्र्यांकडे हे खाते १९३७ मध्ये आले आणि ज्यांनी वर्षानुवर्षे पोलिसांच्या अंदाजपत्रकावर टीका केली, त्यांनाच ते मांडण्याची वेळ आली. संस्थानांतील राजकीय चळवळींना तोंड देण्यासाठी केंद्र सरकारने १९३९ मध्ये नीमच येथे ‘क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस’ हे दल स्थापन केले. हेच दल १९४९ च्या कायद्याने केंद्रीय राखीव पोलीस दल बनले.

संविधानाने पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यसूचीत ठेवले. तरीही केंद्राचा पोलिसांवरील खर्च सतत वाढत गेला. १९६५ पूर्वी पाकिस्तानलगतची सीमा मुख्यतः राज्यांच्या सशस्त्र पोलिसांकडे असे. त्या वर्षी एप्रिलमध्ये कच्छमधील सरदार चौकीवर झालेल्या हल्ल्याने या व्यवस्थेतील उणिवा उघड केल्या आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले. भारत-तिबेट सीमा पोलीस दल १९६२ मध्ये व केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल १९६९ मध्ये अस्तित्वात आले. संघाची सशस्त्र दले राज्यांत तैनात करण्याचा विषय बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) संघसूचीत स्पष्टपणे घातला. राज्याने मागणी केल्यावर पाठविलेल्या केंद्रीय तुकड्यांचा खर्च सर्वसाधारणपणे राज्याकडून वसूल केला जातो. या थकबाकीवरून केंद्र व राज्ये यांत वारंवार पत्रव्यवहार होत आला आहे. कायद्याने पोलीस राज्यांचा असला, तरी संकटकाळी हाताशी असणारी कुमक केंद्राच्या पैशाने उभी राहिलेली असते, ही वस्तुस्थिती संघराज्याच्या व्यवहारात फार मोठी आहे.

राज्यांच्या दलांसाठी केंद्राची आधुनिकीकरण योजना १९६९–७० मध्ये सुरू झाली. कर्ज व अनुदान अशा मिश्र स्वरूपात वाहने, बिनतारी संदेशयंत्रणा व न्यायसाहाय्यक प्रयोगशाळा यांसाठी तीतून पैसा मिळे. सातव्या वित्त आयोगापासून मागासलेल्या राज्यांतील पोलीस प्रशासनाचा दर्जा वाढविण्यासाठीही तरतूद होऊ लागली. २०००–०१ पासून आधुनिकीकरणाची केंद्रीय तरतूद वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांवर नेण्यात आली. २०१७ मध्ये तीन वर्षांसाठी २५,०६० कोटी रुपयांची एकत्रित योजना मंजूर झाली. तीत केंद्राचा वाटा १८,६३६ कोटींचा होता. २०२२ मध्ये २०२१–२२ ते २०२५–२६ या काळासाठी २६,२७५ कोटी रुपयांचा केंद्रीय खर्च संमत करण्यात आला. यांपैकी १८,८३९ कोटी रुपये जम्मू व काश्मीर, ईशान्येकडील राज्ये आणि नक्षलग्रस्त प्रदेश यांतील सुरक्षाविषयक खर्चासाठी होते. गडचिरोलीसह महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील भागाला अशा साहाय्याचा लाभ झालेला आहे. सर्व राज्यांच्या पोलिसांच्या सर्वसाधारण आधुनिकीकरणासाठी त्यात ४,८४६ कोटी रुपये होते. अनुदान असूनही राज्यांनी आपला हिस्सा वेळेवर न घातल्याने पैसा पडून राहिला, वाहने आली पण चालक नाहीत, इमारती अपुऱ्या राहिल्या, अशा नोंदी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुनःपुन्हा आढळतात. इंग्लंडमधील १८५६ चे अनुदान दलाच्या कार्यक्षमतेच्या दाखल्याला बांधलेले होते. भारतातील अनुदान मुख्यतः खरेदीच्या यादीला बांधले गेले.

यंत्रसामग्रीसाठी पैसा मिळत असताना शिपायाचे जीवनमान मागेच होते. उत्तर प्रदेशात १९७३ मध्ये प्रांतिक सशस्त्र दलात बंड झाले. १९७९ मध्ये पंजाबपासून सुरू झालेले असंतोषाचे लोण इतर राज्यांत आणि केंद्रीय दलांतही पसरले. बोकारो येथे औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांविरुद्ध लष्कर वापरावे लागले. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये शिपायांच्या आंदोलनाने शहर हादरले आणि त्यांच्या संघटनेवर बंदी आली. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) फेब्रुवारी १९७९ मध्ये सादर केलेल्या पहिल्याच अहवालात, शिपायाला अकुशल मजूर न मानता कुशल कामगार मानून वेतन द्यावे, असे सुचविले होते. पगारवाढ त्यानंतर अनेक वेतन आयोगांमधून झाली व राज्यांच्या पोलीस अंदाजपत्रकांतील फार मोठा भाग वेतन व निवृत्तिवेतन यांवर खर्च होऊ लागला. तो कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जागा न भरणे. २०२० च्या आरंभी देशभरातील राज्य पोलीस दलांत मंजूर पदे २६ लाखांहून अधिक होती. प्रत्यक्ष सेवेत सुमारे २१ लाखच माणसे होती. उरलेल्यांचे काम ठाण्यातील हजर असलेल्यांनी जादा तास थांबून केले व त्या तासांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.